चोरीला गेलेली दीपगृहे

पोलीस खात्यातून निवृत्त झालो, तरी भंडाऱ्यातल्या त्या चोरीची आठवण आली की मला अजूनही एका जागी बसवत नाही.

भांड्यांचे एक वयस्कर व्यापारी मुलासोबत ठाण्यात आले. बंदरांवरच्या जुन्या दीपगृहांचे स्टिरिओव्ह्यू जमवण्याचा त्यांना छंद होता. एका पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी दोन फोटो. दोन भिंगांच्या यंत्रातून पाहिले की दोन्ही मिळून दीपगृह खरोखर समोर उभे राहते. हे फोटो आणि यंत्र ठेवलेली पेटीच कपाटातून गेली होती. वडिलांच्या वतीने मुलगाच बोलत होता. संशय घरकामाच्या बाईवर.

पंचनाम्यात कुलूप शाबूत निघाले. बाईला महिला शिपायासमोर विचारले.

"मले त्या फोटोचं काय करायचं हाय जी? आता कोन कामावर ठेवन मले?"

ती खरे बोलत होती असे वाटे. पण मुलगा अटकेसाठी रोज फोन करी. बातमी पसरली, तिची इतर कामेही सुटली. मी ठाण्यात नुसत्या येरझारा घालत होतो.

अखेर शेजारच्या वरठी गावातल्या खबऱ्याने कळवले, रेल्वे स्टेशनजवळच्या भंगारवाल्याकडे तशी पेटी आहे. भंगारवाला म्हणाला, "एक म्हातारे शेठ ऑटोनं आले, ठेवून गेले. पैसेबी नाई घेतले."

मी फिर्यादी वडिलांना एकट्यालाच बोलावले. यंत्रात फोटो लावून हातात दिला. "पाहा, तुमचाच ना?"

डोळ्यांना लावून त्यांनी यंत्र लगेच टेबलावर ठेवले.

"काचबिंदूनं उजवा डोळा गेला, साहेब. दीपगृह आता उभंच नाही राहत, चपटं दिसते. पेटी घरात पाहवेना, देऊन टाकली. मुलानं विचारलं, तर तोंडातून चोरी झाली असं निघालं."

"आणि बाईचं नाव आलं तेव्हा?"

"डोळ्याचं खरं सांगितलं असतं, तर मुलानं मले दुकानात बसू नसतं दिलं."

मुलाला आणि बाईला बोलावून घेतले. शेठने सगळे कबूल केले, हात जोडले. ती म्हणाली, "डोळा गेला हे सांगाची लाज वाटली शेठजी, अन् मले चोर म्हनू देताना नाई वाटली?"



खोट्या फिर्यादीचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. माणूस भीतीपोटीही खोटी फिर्याद देतो, हे तिथे कळले. त्यानंतर संशयिताला बोलावण्याआधी मी फिर्यादीशी एकांतात बोलू लागलो. त्या बाईला मात्र भंडाऱ्यात पुन्हा काम मिळाले नाही. ती आंधळगावला माहेरी निघून गेली.