वापरातली खोली

टेम्पो निघाला तेव्हा आमचे कपडे दोरीवरच होते. कपाट, पलंग, शिलाई मशीन, पाण्याचं पिंप, सगळं दोरखंडाने आवळून झालं होतं. मी आणि धाकटा भाऊ मागे गाद्यांच्या ढिगावर बसलो होतो. आणि समोर आमच्या पडवीत बाबांचा लेंगा, माझा पंजाबी ड्रेस आणि आईची दोन पातळं निवांत वाळत होती. शेजारच्या नलिनीकाकूने हाक मारली, "वहिनी, कपडे राहिले ना." आई ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिने मानसुद्धा वळवली नाही. "रवांदेत," एवढंच म्हणाली.

हे मी आपल्या चाळीतल्या सगळ्यांसाठी लिहितेय. तुमच्यातले काही अजून घाटकोपरलाच नव्या बिल्डिंगमध्ये आहात, काही पैसे घेऊन वसई-डोंबिवलीला गेलात, आणि काहींची मुलं तर पार समुद्रापलीकडे पोचली. चाळीची आठवण निघाली की सगळे गणपती आणि क्रिकेटबद्दल बोलतात. त्या एका वर्षाबद्दल कोणी बोलत नाही. मला मात्र तेच वर्ष जास्त आठवतं, कारण त्या वर्षात मी सतत घाबरलेली असे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. घाटकोपर स्टेशनच्या आसपास एकेक बैठी चाळ जाऊन तिथे चार मजले उभे राहत होते. आपली कौलारू चाळही मालकाने एका बिल्डरला विकली. बिल्डरचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही काही महिने नाहूरला ट्रान्झिटमध्ये जा, आम्ही इथे बिल्डिंग बांधतो, मग ज्याला त्याला सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक. घरातल्या घरात संडास आणि मोरी, या कल्पनेनेच निम्मी चाळ विरघळली. लेखी करार मागितला की, "होईल ना, कुठे पळतोय का आम्ही," असं उत्तर मिळे.

बाबा जायला तयार होते. त्यांची फॅक्टरी भांडुपला होती, आणि आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला एवढी भेग गेली होती की त्यातून माझा हात आरपार जाई. आई तयार नव्हती. "तुमका जाऊचा आसात तर जावा," ती म्हणाली, "कागद हातात इल्याशिवाय मी खोली सोडूचंय नाय." त्यात कोणाच्या तरी ओळखीच्या वकिलाने सांगितलं, की खोली बरेच महिने वापरात नाही असं दाखवता आलं, तर भाडेकरूची बाजू कोर्टात लंगडी पडते. आईने त्यातला एकच शब्द उचलला. वापरात. मग तडजोड अशी झाली, की झोपायचं नाहूरला आणि कपडे वाळवायचे घाटकोपरला.

ऐकायला गंमत वाटते. तेव्हा नाहूरला स्टेशनसुद्धा नव्हतं. दलदलीच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग, संध्याकाळ झाली की डासांचं राज्य, आणि बस पकडायची तर आधी चांगली पायपीट. आई रोज सकाळी मळक्या कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन निघे. माझं कॉलेज घाटकोपरला, म्हणून दुसरं बोचकं माझ्या काखेत. बसचा कंडक्टर म्हणे, "बाई, ही काय धोबीघाटाची गाडी आहे का?" मी खिडकीबाहेर बघत बसे. वर्गातली एखादी मुलगी चढली तर काय करायचं, हा विचार मला भिंतीच्या भेगेपेक्षाही जास्त छळायचा.

बाबा रात्री जेवताना म्हणत, "लोकां पोट भरूक लांब जातत. तू कपडे वाळत घालूक जातंस." आई वाढत राही.

सुरुवातीला आमचेच कपडे होते. मग नलिनीकाकूही नाहूरला आमच्या शेजारच्या पत्र्यात राहायला आली आणि तिने आपलं बोचकं आईकडे दिलं. मग आणखी दोन-चार घरांनी दिली. आई ज्याच्या त्याच्या खोलीपुढे ज्याचे त्याचे कपडे घालू लागली. त्यातही तिचा हिशोब असे. रोज तेच कपडे दिसले तर संशय येणार, म्हणून पातळांची आलटापालट. लहान मुलांची शाळेची खाकी चड्डी रस्त्याच्या बाजूला, म्हणजे इथे मुलं राहतात हे कळावं. रात्री दोरी ओकीबोकी दिसू नये म्हणून प्रत्येक खोलीपुढे एखादा कपडा तसाच ठेवून निघायचं. बिल्डरने नळ तोडला होता, पण मागची विहीर होती. उन्हाळा लागला तसे कपडे तासाभरात खडखडीत होऊ लागले. मग आई वाळलेले कपडे परत भिजवायची. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालणारी बाई ती, आणि सुकलेल्या चादरीवर बादली ओतताना तिचा चेहरा बघवत नसे.

बिल्डरचा सुपरवायझर दुपारी चक्कर मारून जाई. पॉलिस्टरचा शर्ट, हातात चाव्यांचा जुडगा, बोलणं लोण्यासारखं. "ताई, कशाला त्रास घेता? तिकडे पोरं एकटी असतात ना." पोरं एकटी असतात हे त्याला कसं माहीत, या प्रश्नाने मला झोप लागत नसे.

एकेक घर त्याला फितत गेलं. मी हा शब्द तेव्हा वापरायची, आता वापरणार नाही. कोणाच्या मुलीचं लग्न होतं, कोणाला गावी घर दुरुस्त करायचं होतं. ज्याचं बोचकं यायचं थांबे, त्याने पैसे घेतले असं समजायचं. दुसऱ्या दिवशी पडवीतली तेवढी दोरी रिकामी राही, आणि दोन दिवसांत त्या खोलीची कौलं उतरलेली असत. अशा उघड्या पडलेल्या खोल्या आमच्या खोलीकडे सरकत येत होत्या. शेवटी आमच्या टोकाला आम्ही, नलिनीकाकू आणि पलीकडची दोन घरं उरली.

आमच्या आणि काकूच्या खोलीचं आढं एकच होतं, एकच लांबलचक लाकूड. तिचं छप्पर गेलं की आमचं जाणार, हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता. आणि पाऊस दीड महिन्यावर आला होता.

त्या दिवशी सकाळी आमच्या दाराबाहेर काकूचं बोचकं नव्हतं.

आई काकूच्या दारापाशी गेली. काकूच्या दाराला आतून कडी होती. पत्र्याच्या भिंतीतून शेजारी चमचा पडला तरी ऐकू यायचा, आणि आत माणसं श्वास रोखून उभी आहेत हेही कळायचं. काकूच्या यजमानांची नोकरी सुटून बरेच महिने झाले होते, वसईच्या दिरांकडे जायचं त्यांचं चाललं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. आईने हाक मारली नाही. "चल गो," मला म्हणाली.

त्या दिवशी मी कॉलेजच्या स्टॉपवर उतरले नाही. चाळीच्या बोळात शिरलो तर काकूच्या छपराला शिडी लावलेली, वर दोन मजूर, आणि खाली कौलांची चळत. सुपरवायझर सावलीत उभा होता. काकूच्या दोरीवर रात्रीसाठी मागे ठेवलेली तिची हिरवी साडी तेवढी लटकत होती.

"ताई, बाजूला व्हा. वरून काही पडेल."

"ह्या खोलीत माणूस रवता," आई म्हणाली.

"त्यांचं सेटलमेंट झालंय. काल बोलणं झालं, आज संध्याकाळी सही. रूम खाली आहे."

"खाली आसा तर दोरीर साडी कोणाची?" आई पडवीत चढली आणि काकूच्या उंबऱ्यात बसली. डोक्यावर छपराला भोक पडलं होतं, त्यातून ऊन थेट तिच्या मांडीवर. "तिका आणा. तिना माझ्यासमोर सांगल्यान तर काढा कौलां."

मी तिचा हात ओढला. मला खरंच वाटत होतं की आता वरून एखादं कौल सुटेल, चुकून म्हणा, मुद्दाम म्हणा. मजूर आढ्यावर बसून बिडी ओढत होते आणि त्यांना या भांडणात काही रस नव्हता. सुपरवायझरचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एका साडीसाठी माझी अख्खी साइट अडवताय तुम्ही." मग काय वाटलं कोणास ठाऊक, काकू आपल्याच बाजूने बोलणार याची त्याला खात्री असावी. त्याने एका माणसाला रिक्षाने नाहूरला पिटाळलं.

ती दुपार संपता संपत नव्हती. बाबा फॅक्टरीत, फोन करायला जागा नाही. आई मधेच उठली, विहिरीवरून तांब्याभर पाणी आणलं आणि काकूच्या साडीवर शिंपडलं. सुपरवायझर बघत होता. साडी वाळली की ती परत उठली. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. काकूने नाही म्हटलं तर ही काय करणार, खाली उतरणार की नाही, आणि नाही उतरली तर मी एकटी काय करणार. मला रडू येत होतं आणि त्या माणसांसमोर रडायचं नव्हतं.

काकू रिक्षातून उतरली ती खाली मान घालून. सुपरवायझर पुढे झाला. "सांगा यांना. रूम खाली केली म्हणून सांगा, म्हणजे विषय संपला."

काकूने आधी छपराच्या भोकाकडे पाहिलं. मग उंबऱ्यात बसलेल्या आईकडे. काकू दोरीपाशी गेली आणि तिने साडीचा पदर मुठीत धरला. तिच्या बोटांमधून पाणी गळलं. ती साडी आदल्या दिवशी सकाळी धुतलेली होती, ऊन मरणाचं होतं, आणि ती ओली का आहे हे काकूला सांगावं लागलं नाही. इतके महिने तिचे कपडे आईनेच भिजवले होते.

"खाली कशी केली?" काकू म्हणाली. आवाज एवढा बारीक, की सुपरवायझरने परत विचारलं. तेव्हा ती जरा मोठ्याने म्हणाली, "माझी साडी अजून ओली आहे."

"अहो, साडीचं काय घेऊन बसलात यार, काल तुमच्या मिस्टरांनी..."

"भाड्याची पावती माझ्या नावावर आहे. साडी सुकली की बघू. तोवर कौलं होती तिथे ठेवा."

मजूर शिडीवरून उतरले. कौलं काही त्यांनी परत लावली नाहीत, ती रविवारी बाबांनी आणि माझ्या भावाने चढवली. रात्री पत्र्यापलीकडे काकूचे यजमान काय काय बोलले ते आम्ही सगळं ऐकलं. आईने त्या दिवशी जेवायला बसताना ताट पुढे ओढलं आणि तसंच मागे सारलं. पण सकाळी दार उघडलं तर बोचकं नेहमीच्या जागी होतं.

पाऊस आम्ही तसाच काढला. पावसात कपडे वाळतच नाहीत, त्यामुळे ते चार महिने आईला सोपे गेले. आम्ही हलत नाही म्हटल्यावर बिल्डरचं काम अडलं, आणि गणपतीनंतर उरलेल्या चारही घरांना स्टँपपेपरवर करार मिळाला. आमचा कागद हातात पडल्यावरच काकूने आपली खोली बिल्डरला दिली आणि ती वसईला गेली. उशीर केल्यामुळे तिला आधी ठरल्यापेक्षा कमी मिळालं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. जाताना हिरवी साडी ती आईकडेच ठेवून गेली.

काही महिन्यांची बिल्डिंग उभी राहायला काही वर्षं लागली. नाहूरच्या पत्र्यातच मी बी.कॉम. झाले. शेवटी आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, भिंतीला भेग नाही, नळ घरात. खाली जिन्यापाशी नव्या सोसायटीची पाटी लागली होती: दर्शनी बाजूस कपडे वाळत घालू नयेत. बाबा ती वाचून एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आई अजिबात हसली नाही.

वास्तुशांतीला आईने नलिनीकाकूला बोलावलं. चारही मजल्यांच्या गॅलऱ्या एकसारख्या, बाई गोंधळेल म्हणून मी खाली जाऊन थांबते म्हटलं. "नको," आई म्हणाली. तिने ट्रंकेतून हिरवी साडी काढली, मोरीत भिजवली आणि रस्त्याच्या बाजूच्या कठड्यावर पसरून दिली. काकू कोणालाही न विचारता तिसऱ्या मजल्यावर आली. चप्पल काढतेय तोवर मागून वॉचमन. "सेक्रेटरीसाहेब म्हणतात, बाहेरची साडी काढा."

आई आत पुरणपोळ्यांत अडकली होती. काकूच मागे वळली. "अजून ओली आहे," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग दोघी स्वयंपाकघरात एकमेकींच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ. आमच्या पुरणपोळ्या करपल्या.

आता त्या दोघीही नाहीत. आईची ट्रंक माझ्याकडे आली. भाऊ घाटकोपरच्या ब्लॉकमध्ये आहे, आणि त्याच्या बिल्डिंगच्याही रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा सुरू झाल्यात. मी दिंडोशीला टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहते. आमच्याकडे कपडे आत छताला टांगतात, बाहेर रुमाल दिसला तरी दंड. खालून बघितलं तर माझी खिडकी मला स्वतःला ओळखू येत नाही. इथे येऊन बरीच वर्षं झाली, तरी बाहेरून बघताना हे माझं घर आहे असं मला अजून वाटलेलं नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी दिंडोशीकडे आलात, तर आधी एक फोन करा. गेटवर फ्लॅट नंबर विचारायची गरज पडणार नाही. वर बघत या. सतराव्या मजल्यावर ती हिरवी साडी बाहेर दिसेल. सेक्रेटरी वर आला, तर त्याला काय सांगायचं ते मला माहीत आहे.