थांबा म्हणणारी वैशाली

वैशाली गेली त्याला आज वर्ष झालं.
शेतात सोयाबीन तसंच काढणीला आलंय. घरात घट तसेच बसलेत.

माझी नणंद. आमच्या बेंबळी गावची पोर. पोहायला शिकली ती विहिरीत, तेही त्या वर्षी पाणी होतं म्हणून.
पुण्याला कॉलेजात गेली आणि रोइंग करायला लागली.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणींना सांगायच्या, "होडी चालवती. पण तोंड मागं करून."
"मग जाती कुठं?"
"ते तिलाच म्हाईत."

राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेली. मग पाठीनं दगा दिला.
दमलेलं शरीर नेमकं कुठं हरतं, हे तिला शोधायचं होतं. म्हणून एक्सरसाइज फिजिऑलॉजीत पीएचडी केली आणि लॅबमध्ये खेळाडूंचे श्वास, ठोके मोजू लागली.

एका नवरात्रात आई शेतात चक्कर येऊन पडल्या.
कडक उपास, ऑक्टोबरचं ऊन, त्यात दिवसभर वाकून सोयाबीन कापायचं. आमच्याकडं दरसाल कुणी ना कुणी पडायचंच.

मी म्हटलं, "आईंना उपास सोडायला सांग ना."
"उपास तिचा आहे, वहिनी. मला फक्त पडणं थांबवायचंय."

पुढच्या नवरात्रात ती छातीला बांधायच्या पट्ट्या आणि पाण्यात कालवून प्यायच्या, स्वतः बनवलेल्या पावडरची पाकिटं घेऊन आली.
शेजारच्या सखूमावशी म्हणाल्या, "आमचं काळीज मोजायला आलीस व्हय?"
"ठोके मोजते, मावशी. काळीज तुमच्यापाशीच राहू द्या."

पाकिटं सगळ्यांनी मानानं घेतली.
संध्याकाळी सगळी पाकिटं म्हशीच्या घमेल्यात सापडली.

"मीठ हाय त्यात," आई म्हणाल्या.
घटाच्या उपासाला आमच्या घरी शेंदेलोण चालतं, साधं मीठ नाही. वैशाली डोक्याला हात लावून बसली. "इथंच वाढले आणि हेच विसरले."

मग शेंदेलोण, लिंबू, साखर. आधी स्वतः उपास धरून, रोइंग मशिनवर घाम गाळून तिनं ते पिऊन पाहिलं.

तरी बांधावर ठेवलेली त्या पाण्याची कळशी भरलेलीच.
कारण ओळ सोडून जी पहिली पाणी प्यायला जाईल, तिला टोमणा ठरलेला. "दमलीस व्हय गं?"

हे मला वीस वर्षं दिसत होतं. कळलं तिला.

"होडीत एकटीनं थांबता येत नाही, वहिनी. मधेच वल्हं ठेवलं तर मागचीचं येऊन पाठीत बसतं. थांबायचं तर सगळ्यांनी, एका हाकेवर."

दुसऱ्या दिवशी स्वतः विळा घेऊन ओळीत उभी राहिली. ऊन चढलं तशी म्हणाली, "थांबा."
सगळ्या थांबल्या. सगळ्या प्यायल्या.
त्या वर्षी कुणी पडलं नाही.

मग दरसाल सुट्टी काढून यायची. ही एक हाक द्यायला.

कॅन्सरनं तिला अंथरुणाला खिळवलं तेव्हा म्हणाली, "हाक आता तू द्यायची."
"मला नाही जमायचं. माझा आवाज तुला माहितीय."
"मोठ्यानं नको. वेळेवर दे."

गेल्या वर्षी सुतक होतं. ना घट, ना उपास.
आज पहिल्यांदा मी तिच्या जागी विळा घेऊन ओळीत उभी राहिले.

ऊन चढलं. आई सगळ्यात पुढं, वाकलेल्या. मी म्हटलं, "थांबा."
विळे चालूच.
परत म्हटलं.

आई ताठ झाल्या. मागं न बघता म्हणाल्या, "सूनबाई थांबा म्हणती. ऐकू येत न्हाय का?"

ओळ थांबली. कळशी फिरली.
सखूमावशींनी पेला रिकामा केला, तोंड पुसलं. "उशीर केलास. तिचं टायमिंग पक्कं होतं."
"उद्या लवकर देते, मावशी."

वैशाली, उद्या नक्की वेळेवर देईन. परवाही. पुढच्या वर्षीही.
तू आता वल्हं ठेव, बाई.