एडिलसनचा चेहरा

डिओसेलिना माझ्या बहिणीची लेक. तोंडाळ, हट्टी, आणि गावाच्या काठीवाल्या पहाऱ्यातली सगळ्यांत चिवट पोर. तिला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, ते आधीच सांगून ठेवते. नदीवर खाणवाले आले तेव्हा तिनंच मेक्सिको, चिली, कुठकुठली पोरंपोरी फोनवर गोळा केली. त्यांनी आमच्या नदीचे फोटो जगभर फिरवले, आपापल्या शहरात कंपनीच्या दारात ठिय्या दिला. कंपनीनं गाशा गुंडाळला. त्यातली काही इथं राहून गेली, आमच्याबरोबर कॉफी तोडली, माझ्या हातचं सांकोचो, मटण-कंदांचं कालवण, ओरपलं.

"मावशी, आता तुम्ही अख्ख्या जगाच्या!" म्हणायची ती पोरं.

"मग जगाला म्हणावं, भांडी घासायला ये."

पुढं डोंगरातल्या बंदूकवाल्यांनी तिचा धाकटा भाऊ नेला, आपल्या टोळीत भरती करायला. एडिलसन. शाळेतून येताना, मोटारसायकलचं आमिष दाखवून. मेल्यांनो, मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं त्याला!

आमच्यात अशा वेळी वाट बघत नाहीत. चुलीवरचं तसंच टाकून अख्खा गाव नुसत्या काठ्या घेऊन मागावर निघतो आणि त्यांच्यापुढं उभा राहून म्हणतो, आमचं पोर द्या. लगेच गाठलं तर बरेचदा देतात.

पहाऱ्यातले म्हातारे एव्हारिस्तो काठी घेऊन अंगणात आलेच. "चल पोरी, ऊन आहे तोवर."

"आजोबा, आपण मूठभर माणसं. परवापर्यंत बाहेरचे मित्र येतायत. कॅमेरे असले की हे गोळी घालायला धजणार नाहीत. तोवर एडिलसनचा फोटो फिरवते. जगाची नजर पडू दे."

"खाणवाल्यांना अब्रूची भीती होती गं. यांना कसली?"

"खाणीच्या वेळीही बाहेरचे नकोतच म्हणाला होतात तुम्ही!"

ते खरं होतं. म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली आणि गाव थांबला.

मित्र आले. बिचारे बसमध्ये उलट्या करत आले, आणि जिवावर उदार होऊन आमच्याबरोबर डोंगर चढलेही. वर तळ रिकामा. विझलेली चूल, चार डबे. खाली उतरताना एका गुराख्यानं सांगितलं, फोनवर फोटो बघितल्याबरोबर त्यांनी पळवलेल्या पोरांना पलीकडच्या रानात हलवलं.

काही महिन्यांनी तोच गुराखी एडिलसनचा निरोप घेऊन आला. "ताईला सांग, फोटो काढून टाक. माझ्याबरोबरची दोघं पळाली. मला मात्र बांधून झोपवतात. म्हणतात, तू सुटलास तर जगात आमचं हसं होईल."

डिओसेलिनानं आपल्याकडचा फोटो तिथंच पुसला. मेक्सिकोच्या मैत्रिणीनंही रडत रडत पुसला. पण तोवर तो हजारोंच्या हातात गेलेला, चिलीत तर कुणी भिंतीवर रंगवलेला. अनोळखी माणसांना ती एकेक करून लिहीत बसली, हात जोडते, माझ्या भावाचा फोटो काढून टाका.

उत्तरं भराभर येत होती. लाल बदाम, आवळलेल्या मुठी. "ताई, आम्ही तुझ्यासोबत आहोत." आणि खाली पुन्हा एडिलसनचा फोटो.