शेवटच्या बाकावर बसलेल्या डॉक्टर

बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. वसुधा मॅडम यांची आणि माझी पहिली भेट संगणकाच्या एका अडकणाऱ्या कळीमुळे झाली. त्यांच्या बीडच्या दवाखान्यात मुलांच्या लक्षाची चाचणी संगणकावर घेत: तारा दिसला की कळ दाबायची, चौकोन दिसला की नाही. ती कळ दुरुस्त करायला मला बोलावले होते. मी कॉलेज पाहिलेले नाही. बंद पडलेली यंत्रे उघडून शिकलो. कळ बदलून थांबलो नाही. दाबल्यापासून नोंद होईपर्यंतचा उशीरही शोधून काढला. त्या उशिराने निकाल चुकले असतील, म्हणून मॅडमनी त्या यंत्रावर तपासलेल्या मुलांची चाचणी पुन्हा घेतली. "चूक आपली, मग हेलपाटा त्यांना कशाला?" म्हणत परळीच्या एका मुलीकडे स्वतः गेल्या.

पुढे माझी मुलगी अस्मिता पाचवीत असताना मी तिला तिथेच नेले. आमच्या तलवाड्याच्या शाळेतून रोज तक्रार यायची: वही विसरली, गणित अर्धे सोडले. चाचणीचा निकाल आला, सगळे ठीक. मला रागच आला. म्हणजे पोरगी मुद्दाम करते! शिस्त लागावी म्हणून निवासी शाळेचा अर्ज मी भरून ठेवला होता; तोही मॅडमना दाखवला.

"मॅडम, मशीन मी स्वतः लावलंय. त्यात चूक न्हाई."

"मशीन बरोबरच आहे हो. पण त्यानं पाहिलं काय? बंद खोली, पंधरा मिनिटं, नवा खेळ, शेजारी मी. वर्गात असं असतं का? नुसत्या आकड्यावरून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, आहे म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. आठ दिवस तो अर्ज देऊ नका."

मंगळवारी मॅडम तलवाड्याला आल्या आणि अर्धा दिवस वर्गात शेवटच्या बाकावर बसल्या. "पोरगी हुशार हाय, पण लई आळशी," गुरुजी म्हणाले. मॅडमच्या वहीत नोंद होती: पाचपैकी दोन गणिते उतरवली, तिसऱ्याला पेन्सिलीला टोक केले, मग घंटेपर्यंत खिडकीबाहेर. त्यांनी पहिलीपासूनचे शेरे वाचले. माझ्या पत्नीशी निवांत बोलल्या. "बाई, दूध उतू जातं अन् ही म्होरं उभी असती. दिसतच न्हाई तिला," ती म्हणाली. हे मला ठाऊक नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. डोळे, कान, झोप सगळे तपासून मगच मॅडमनी एडीएचडीचे निदान केले.

"तिला तुम्हीच सांगा," मॅडम मला म्हणाल्या. "मुद्दाम करते, असं तुम्हीच म्हणत होता ना?"

मी सांगितले. अस्मिता म्हणाली, "म्हंजे पप्पा, मी मुद्दाम करत नव्हते?"

लेकराला स्वतःबद्दलच ही शंका होती, आणि ती मी घातलेली होती. त्या दिवशी मी मॅडमसमोर रडलो. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

अर्ज फाडला. उपचार सुरू झाले. आज अस्मिता डिप्लोमा करते. डबा अजूनही विसरते आणि फोनवर हसत सांगते.

स्नेहीजनहो, मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो आणि त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत. आपण मुद्दाम करत नाही, एवढे कुणी तरी सांगावे म्हणून थांबलेली लेकरे आपल्या जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत.