विझलेला दिवा

आमची ही कशावरही चटकन विश्वास ठेवत नाही. लग्नाला होकार द्यायच्या आधी तिने मला कितीदा तरी भेटायला बोलावलं. "प्रत्येक खेपेला सारखाच बावळट वागलास, म्हणून हो म्हटलं," असं ती अजूनही सांगते.

पोटापाण्यासाठी ती पीएलसीचे प्रोग्रॅम लिहिते. पीएलसी म्हणजे कारखान्यात यंत्राशेजारच्या पॅनेलमधला छोटा संगणक. कुठली मोटर कधी फिरवायची, कधी थांबवायची, ते तो ठरवतो. मी शिंपी. माझ्या मशीनला पाय मारला की ते चालतं, त्यामुळे तिच्या धंद्यातलं मला कळतं ते सगळं ऐकीव.

कामाला लागली तेव्हाची गोष्ट. सरबताच्या कारखान्यात शेजारी शेजारी दोन यंत्रं होती आणि दोन्हींच्या पीएलसींना कुणीतरी नेटवर्कवरचा एकच पत्ता देऊन ठेवला होता. हिने लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर 'जोडलं' असं आलं, समोरच्या पॅनेलवर दिवाही लुकलुकत होता. हिने बेधडक बदल पाठवला आणि तो गेला भलत्याच यंत्रात. बाटल्या जागच्या हलेनात, वरून सरबत काही थांबेना. घरी आली ती कोपरापर्यंत चिकट होऊन. "चांगले दिवे लावलेस," मी म्हटलं. ती हसली नाही.

तेव्हापासून तिचा एक नेम आहे. यंत्राला हात लावण्याआधी ती लॅपटॉपवरून त्याच्या पॅनेलवरचा एक दिवा लावते, मग विझवते, आणि यंत्रापाशी उभ्या माणसाला विचारून खात्री करून घेते. फिटर वैतागतात. ती म्हणते, "दिवा काय, आपला आपणही लागेल. मी सांगितल्यावर विझला, तर समजायचं की समोरचं ऐकतंय." मला मात्र दिवसातून दहादा "ऐकतोयस ना?" विचारते आणि मी हो म्हटलं तरी तिला पटत नाही.

मागच्या वर्षी तिच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, नजर छताला लागली. आम्ही त्यांना आमच्या घरी आणलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा सारखा हलत राहायचा. डॉक्टर म्हणाले, तो आपोआप हलतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. तरी ही रोज कामावरून आली की त्यांच्याशी गप्पा मारायची.

मग तिचा धाकटा भाऊ आला. "ताई, त्यांना काही कळत नाही गं. चांगली संस्था बघितलीय मी. तू भिंतीशी किती दिवस बोलणार?"

ही जाऊन अण्णांच्या खाटेशी बसली. "अण्णा, अंगठा हलवा."

अंगठा हलतच होता. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"आता थांबवा."

अंगठा थांबला.

"हलवा." हलला. "थांबवा." थांबला. तिने पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. भाऊ भिंतीला टेकून खालीच बसला.

"अण्णा, दुसरीकडे राहायला जायचंय? जायचं असेल तर हलवा."

अंगठा जागचा हलला नाही.

"इथंच राहायचंय? माझ्याकडे?"

अंगठा हलू लागला. हलतच राहिला. या खेपेला तिने 'थांबवा' म्हटलं नाही.