घोळक्यातली जागा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत रविवारी सकाळी ती शर्यत होती. कारखाने बंद, रस्ते मोकळे. चार वळणांचा छोटासा चौकोन, त्यावर गोल गोल फिरत राहायचं. याला क्रिटेरियम म्हणतात. ठरलेला वेळ संपत आला की घंटा वाजते, मग शेवटच्या दोन फेऱ्या, आणि त्यानंतर रेषा जो आधी ओलांडेल तो जिंकला. पुढच्यांनी तुम्हाला पूर्ण एका फेरीने गाठलं, तर शिटी मारून बाहेर काढतात. बायका मोजक्याच होत्या, म्हणून आम्हाला चाळिशीवरच्या पुरुषांबरोबर सोडलं. निकाल तेवढा वेगळा लागणार होता.

मी धुळ्याला, देवपुरात, पॅथॉलॉजी लॅब चालवते. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं सकाळी उजाडताच दारात हजर असतात. त्यामुळे माझी सायकल त्याच्याही आधी, आणि एकटीची. सोनगीरच्या रस्त्याला समोरचा वारा अंगावर घेत जायचं आणि परतायचं. पायात जोर आहे याबद्दल मला शंका नव्हती. सुटायची शिटी वाजली तशी मी निघाले ती थेट सगळ्यांच्या पुढे, आणि बराच वेळ पुढेच राहिले. मागून चेनींची कुरकुर आणि माणसांच्या गप्पा ऐकू येत होत्या. गप्पा! मला श्वास पुरत नव्हता आणि हे लोक मागे कापसाच्या भावावर बोलत होते.

मग वाऱ्याच्या बाजूच्या लांब सरळ रस्त्यावर ते सगळे एकदम मला ओलांडून गेले. मी पायडल मारत होते, पण पाय जणू दुसऱ्याचे झाले होते. काही फेऱ्यांनी त्यांनी मला मागून गाठलं आणि शिटी वाजली. फुटपाथवर बसून मी बाकीची शर्यत पाहिली. त्या घोळक्यात पोट सुटलेले, साठीचे एक गृहस्थ शेवटपर्यंत आरामात टिकले होते, याचा मला फार राग आला.

शर्यत संपल्यावर तेच माझ्याजवळ आले. शिंदखेड्याचे वकील होते. सगळे त्यांना नाना म्हणत. "ताई," ते म्हणाले, "बठ्ठा वारा तूच खाशी का?"

माझं माहेर अहिराणी बोलणारं, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही. सगळा वारा मीच खाल्ला होता आणि ते लोक माझ्या पाठीमागे आडोशाला बसून आले होते.

"मला तसं मागे मागे राहायला आवडत नाही," मी म्हणाले.

"मग दर वेळी अशीच अर्ध्यातून बाहेर बसशील," नाना हसून म्हणाले.

त्या दिवशी मी ठरवलं, या प्रकारात टिकायचं. जिंकायचं नंतर बघू.

नाना कोर्टाच्या कामाला धुळ्याला येत. अशा दिवशी ते मुद्दाम पहाटेच गाडीत सायकल टाकून येऊ लागले. त्यांच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर मी माझं पुढचं चाक ठेवायचं, एवढाच धडा. आडोसा मिळाला की मेहनत किती कमी होते हे पहिल्याच दिवशी कळलं. भीती मात्र जाईना. माझा डोळा त्यांच्या चाकावरून हलत नसे आणि बोटं ब्रेकवरून.

"चाकाकडे बघू नको, माझ्या पाठीकडे बघ, आणि पाठीच्या पलीकडे," ते ओरडायचे. एकदा चाक चाकाला लागलंच. मी पडले, कोपर सोलून निघालं. त्या सकाळी पट्टी बांधलेल्या हाताने मी लोकांचं रक्त काढलं आणि प्रत्येकाला तीच गोष्ट सांगितली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्यांच्या मागे लागले.

वळणांचंही गणित त्यांनी समजावलं. पुढचे दोघंतिघं वळणावर ब्रेकला हातही लावत नाहीत. मागचे एकमेकांवर गोळा होतात, शेवटचा जवळजवळ थांबतो आणि मग सीटवरून उठून जीव काढत त्यांना गाठतो. प्रत्येक वळणावर हेच. म्हणून अगदी पुढे नाही आणि शेपटालाही नाही. पहिल्या दहाजणांत, वाऱ्याच्या उलट अंगाला.

पुढच्या हिवाळ्यात त्याच रस्त्यांवर मी पुन्हा उभी राहिले. या वेळी शिटी वाजल्यावर मी मुद्दाम चार माणसं पुढे जाऊ दिली. ते फार जड गेलं. पाय मोकळे होते, दम होता, आणि तरी कुणाच्या तरी पाठीकडे बघत बसायचं. कुणी जागा हिसकावली की मी दुसरी शोधायची. उतावीळ झाले की दात आवळायचे आणि पाय हलके ठेवायचे.

अर्ध्यावर यावलकडची एक मुलगी, केळीच्या बागायतदारांच्या घरातली, दोन पुरुषांबरोबर घोळक्यातून सुटली. उंच, लांब पायांची. गेल्या वेळी बायकांत तीच पहिली आली होती. माझं सगळं अंग तिच्या मागे धावायला निघालं. मी नाही गेले. वाऱ्याच्या बाजूला ते दमतील, घोळका त्यांना ओढून आणील, असं मनाशी म्हणत राहिले.

पण घोळका काही त्यांना आणेना. पुढे जाऊन वारा खायला कुणीच तयार नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. अंतर वाढत चाललं. एकटी निघाले असते तर गेल्या वेळचीच गत झाली असती, आणि थांबले असते तर शर्यत तिथेच संपली असती. काय करावं सुचत नव्हतं, तेवढ्यात नाना शेजारी आले. तोंड लाल, घाम हनुवटीवरून गळत होता.

"मन्हा मांगे ये," ते म्हणाले.

ते घोळक्यातून बाहेर पडले आणि मी त्यांच्या मागे. त्यानंतर नानांनी जे केलं ते शर्यतीत मी त्यांना पूर्वी कधीच करताना पाहिलं नव्हतं. अख्खा वारा त्यांनी छातीवर घेतला. लांब सरळ रस्ता, वळण, पुन्हा सरळ. त्यांचे खांदे डुलायला लागले, श्वासाचा आवाज मला मागे ऐकू येत होता, पण वेग त्यांनी सोडला नाही. घंटा वाजली तेव्हा ते तिघे समोर दिसत होते. अजून एक सरळ रस्ता नानांनी ओढला आणि मग कोपराने मला पुढे जायची खूण केली.

"जाय आते!"

मी गेले. इतका वेळ राखून ठेवलेलं सगळं एका दमात ओतलं आणि शेवटच्या फेरीत त्या तिघांच्या मागे जाऊन चिकटले. क्षणभर आडोसा मिळाला, दोन श्वास मिळाले. शेवटच्या वळणानंतर ती मुलगी सीटवरून उठली, मीही उठले. तिच्या मागच्या चाकापासून तिच्या पायांपर्यंत आले, पायांपासून हँडलपर्यंत. तिथे रेषा आली.

"माय व," ती हँडलवर कपाळ टेकून धापा टाकत म्हणाली, "मला वाटलं तू पुढे गेलीच!"

बायकांत ती पहिली, मी दुसरी. आम्ही दोघी एकाच बाटलीतलं पाणी प्यायलो.

घोळकाही आला, आणि त्याच्याही मागून, रेषेवरची माणसं झेंडे गुंडाळायला लागली तेव्हा, नाना आले. सगळ्यांत शेवटी. मी धावत जाऊन त्यांची सायकल धरली, कारण त्यांना पाय उचलून उतरता येत नव्हतं.

"कितवी उनी?"

"दुसरी. नाना, तुम्ही माझ्यासाठी स्वतःची शर्यत घालवलीत."

"माझ्यात काय उरलं होतं? फार तर विसावा आलो असतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण पहिली का नाही? उशिरा उठलीस वळणावर."

"नाही उठले उशिरा."

"उठलीस. मी असतो तर वळणाच्या आधीच उठलो असतो."

त्यांच्या गाडीतून आम्ही धुळ्याकडे निघालो. एरंडोल गेलं तरी ते हाच मुद्दा चालवत होते, कोर्टात चालवावा तसा. मी एकेक वळण, एकेक श्वास त्यांना सांगितला, पण मागे हटले नाही. मी चुकले नव्हते, ती माझ्यापेक्षा जोरात होती. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि एक घोट घेतला.

"हां," शेवटी ते म्हणाले, "ते बी खरं शे."