गाडी नसलेला रस्ता

रिकामा रस्ता दिसला की म्याडम सायकलची घंटी वाजवायच्या. समोर गाडी नाही, माणूस नाही, साधं कुत्रंसुद्धा आडवं नाही, आणि ह्या बाई ट्रिंग ट्रिंग करत निघालेल्या. मी एकदा न राहवून विचारलं, "म्याडम, कुनासाठी वाजवून राह्यल्या?"

"रस्त्यासाठी," त्या म्हणाल्या. "झोपलेला असतो बिचारा. एकदम अंगावर गेलं तर दचकंल ना."

जालन्याच्या बँकेत त्यांचं टेबल माझ्या शेजारी होतं. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल, जिला साहेब घाबरतो, शिपाई घाबरतो आणि छताचा पंखासुद्धा तिच्या डोक्यावर जरा जपून फिरतो. कुणी कुरकूर केली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "कुनाच्या बापाचं काय जातंय?" ते त्या ग्राहकाला म्हणायच्या, साहेबांनाही म्हणायच्या.

पन्नाशी उलटल्यावर गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. म्याडम भडकल्या. "चालायचं? मी काय गाय हाय का? सकाळी सोडली, संध्याकाळी बांधली!" त्याच आठवड्यात मस्तगडच्या दुकानातून त्यांनी लेडीज सायकल आणली. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर. जन्मात कधी चालवलेली नव्हती. लहानपणी भावांना सायकल मिळाली होती, ह्यांना फक्त ती पुसायला मिळाली होती.

सुट्टीत शाळेच्या मैदानावर शिकल्या. मैदानात कमी आणि मैदानाच्या कडेच्या नालीत जास्त. एकदा नालीत पडल्या तशी माणसं गोळा झाली. त्यांनी आतूनच आवाज दिला, "काय बघून राह्यले? तुमच्या घरी कुनी पडत न्हाई का?" गर्दी जल्दी पांगली.

मग दर रविवारी पहाटे आम्ही तिघं राजूरच्या रस्त्याला लागू लागलो. म्याडम, मी आणि आमचा सेठ. सेठचं घराणं राजस्थानातलं, पण चार पिढ्या जालन्यात, सळयांचा व्यापार. त्याची सायकल परदेशी होती, आणि घट्ट चड्डीही. म्याडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सेठ, एवढ्यात म्हैस आली असती. दूध तरी दिलं असतं. आन् वरून पंचा गुंडाळा, देवाच्या गावाला चाललो आपन."

देवाशी त्यांची स्वतःची अशी वागणूक होती. राजूरला गणपतीच्या मंदिराच्या पायऱ्यांशी सायकल लावून त्या लांबूनच हात करायच्या. "बसा बसा, उठू नका. आम्ही भज्यांसाठी आल्तो."

आमच्या मागून एक जुनी पांढरी गाडी यायची. आत त्यांचे मिस्टर. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे आम्ही त्यांना सर म्हणायचो. सर पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, इंडिकेटर लुकलुकवत आमच्या मागे सरपटायचे. अधूनमधून काच खाली करून एकच शब्द, "सांभाळून!"

"गाड्या नसलेला रस्ता शोधत आपन एवढ्या पहाटे उठायचं," म्याडम म्हणायच्या, "आन् गाडी आपली घरूनच येते."

आम्ही सरांना हसायचो. बायकोच्या मागे मागे फिरणारा माणूस म्हटल्यावर तुम्हीही हसला असता.

समुद्राचं खूळ सेठनं आणलं. कोकणात किनाऱ्याकिनाऱ्यानं रस्ता आहे, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला वाड्या आणि जुने किल्ले, आणि आडवारी गेलं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्याडमनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांनी साहेबांसमोर रजेचा अर्ज ठेवला आणि साहेबांनी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "कुनाच्या बापाचं काय जातंय?"

फेब्रुवारीत आम्ही गेलो. तिन्ही सायकली सरांच्या गाडीच्या टपावर. हरिहरेश्वरला उतरवल्या आणि तिथून खाडीपर्यंत सायकलवर. खाडी ओलांडायला जंगार होता. जंगार म्हणजे माणसं, म्हशी, मोटारी सगळं वाहून नेणारी सपाट बोट. म्याडम तिच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. सर मात्र गाडीतून उतरेनात. पाण्यावर तरंगत असतानासुद्धा त्यांनी हँडब्रेक ओढून धरला होता.

पलीकडे बाणकोटचा किल्ला होता. सेठ माहिती सांगायला लागला, कोणी बांधला, कोणी जिंकला, कोणी परत घेतला. म्याडमनी सगळं ऐकून घेतलं. "एवढे सगळे भांडले," त्या म्हणाल्या, "आन् शेवटी इथं बकऱ्या चरून राह्यल्या. बकऱ्या जिंकल्या म्हना."

आमचा मुक्काम पुढच्या गावात, वेळासला होता. किल्ला सोडल्यावर थोडा चढ लागला. मी आणि सेठनं वर पोचून मागे पाहिलं, तर म्याडम चार पावलं खाली, रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेल्या. तोंड पांढरं पडलेलं, ओठ जांभळे. बोलत नव्हत्या. म्याडम बोलत नाहीत हे पाहूनच आम्ही सायकली टाकून त्यांच्याकडे धावलो.

खाली गाडी थांबली होती. सर पळत आले, म्याडमच्या पर्समधून गोळी काढून त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि पुन्हा गाडीकडे पळाले. किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि मेली. पुन्हा फिरवली. आवाजसुद्धा आला नाही. मोबाईलला रेंज नव्हती. आणि रस्ता? आम्ही ज्याची स्वप्नं पाहिली होती तोच. एकही गाडी नाही. मोटारसायकल नाही, रिक्षा नाही, काही नाही. एका बाजूला समुद्र चमकत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सेठ सायकलवर बसला आणि गावातून गाडी आणायला सुसाट सुटला. त्या दिवशी त्या परदेशी सायकलची किंमत मला पटली.

सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हिचं हृदय खराब हाय. तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हन्ले, सायकल बिलकुल बंद."

"मंग तुम्ही थांबवलं न्हाई?"

"थांबवलं असतं तर थांबली असती," सर म्हणाले. "माझं ऐकते ती. लोकांना वाटत न्हाई, पन ऐकते. आन् मंग खिडकीत बसली असती. मी तिला खिडकीत बसलेली बघू शकलो नसतो. म्हनून मी साठीत गाडी शिकलो. मागं कुनीतरी पाहिजे ना."

इतके रविवार आम्ही ज्या माणसाला हसलो होतो, त्यानं आता खिशातून रुमाल काढून म्याडमच्या कपाळावरचा घाम पुसला.

गोळीनं हळूहळू रंग परत आला. म्याडमनी डोळे उघडले, आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सांगितलं का ह्यांनी? भोंगा हाय नुसता." आणि उठून सायकलचं हँडल धरायला गेल्या. "चला, उतारच हाय पुढं."

"सोड," सर म्हणाले.

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बहुतेक म्याडमनीही नसावा. सरांनी लेडीज सायकल हातात घेतली, पँट मोज्यात खोचली आणि सीटवर बसले. "मागं बस."

"तुम्हाला येते तरी का?"

"कॉलेजात येत होती."

"ते कॉलेज पाडून तिथं मंगल कार्यालय झालं!"

"बस म्हन्लं ना."

आणि म्याडम बसल्या. कॅरिअरवर, एका बाजूला पाय सोडून, नवरीसारख्या. सायकल आधी समुद्राकडे गेली, मग डोंगराकडे, मग कशीबशी रस्त्यावर आली. मी त्यांच्या बाजूनं पडायच्या जागा हेरत चाललो होतो. सर घामानं भिजलेले, दात आवळलेले, आणि मागून सूचना चालू. "ब्रेक सोडा! अहो सोडा की, घोरपडीसारखं धरून बसले. समोर बघा. माझ्याकडं काय बघता, मी मागंच हाय, कुठं जात न्हाई."

गाव जवळ आलं तेव्हा समोरून सेठ येताना दिसला. मासळी वाहणाऱ्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी, चड्डीतच. तालुक्याच्या डॉक्टरकडे न्यायची तयारी करूनच आला होता. "म्याडम, जल्दी बसा!"

"बसते, बसते. पन जरा थांब," म्याडम म्हणाल्या. "एवढ्या लांबून आल्तो, त्याला तोंड दाखवून जाऊ दे."

त्या चपला काढून वाळूत उतरल्या. सर त्यांचा दंड धरून. पहिली लाट घोट्यापर्यंत आली तसे सर मागे सरकले, पण दंड सोडला नाही. म्याडम आणखी दोन पावलं आत गेल्या. मग कमरेवर हात ठेवून समुद्राला म्हणाल्या, "एवढं पानी घेऊन बसला हायेस, आन् आमच्याकडं आठवड्यातून एकदा नळ! लाज वाटत न्हाई?"

टेम्पोवाला सेठला विचारत होता, ह्या बाई खरंच आजारी आहेत का.

त्यानंतर त्या दोन वर्षं जगल्या. रिटायर झाल्या, राजूरला कमी येऊ लागल्या, तरी भज्यांची चौकशी फोनवर करायच्या. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी, जेवण झाल्यावर, सरांशी टीव्हीच्या आवाजावरून भांडता भांडता गेल्या. सर म्हणाले, "भांडनात तीच जिंकली. मी काय उत्तर देनार आता?"

दहाव्याला आम्ही गोदावरीकाठी जमलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन वाढत चाललं. गुरुजी म्हणाले, मनात काहीतरी इच्छा अडकली असेल, बोला. म्याडमच्या मुलानं हात जोडून सांगितलं, बाबांना मी सांभाळीन. कावळा हलला नाही. सेठ म्हणाला, तुमच्या नावानं पाणपोई घालतो. नाही. कुणी काय, कुणी काय कबूल करत होतं, आणि कावळे आपले पंख साफ करत होते.

सर उठले. गुडघ्यांवरची माती झटकली आणि पायात चपला घातल्या.

"चला," ते म्हणाले. "तिचं काही अडकलेलं न्हाई. कावळ्यालाच भूक नसंल."

आणि तिथं, घाटावर, दहाव्याला, आम्ही सगळे हसलो. आधी सेठ, मग मी, मग तोंडावर उपरणं धरून गुरुजीसुद्धा. सर मात्र केव्हाच पायऱ्या चढायला लागले होते.